उलटा हँगर

"अगं, फिरव की ते चाक," आई म्हणाली.

मी दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली. बाबा गेल्यानंतर आम्ही दोघी पहिल्यांदाच गच्चीवर आलो होतो. जंबुक हा अगदी लहान तारकासमूह, पण त्यात दहा ताऱ्यांचा एक पुंजका आहे, हुबेहूब कपडे अडकवायच्या हँगरसारखा, तोही उलटा. बाबांचा तो लाडका. मला मात्र नुसते फुगलेले, पांढरे ठिपके दिसत होते. दुर्बीण अजून बाबांच्या नजरेला लावलेली होती. तिच्या चाकाला ते कुणाला हात लावू देत नसत.

"नको. त्यांनी लावलंय तसंच राहू दे." एकदा फिरवलं की ती जागा पुन्हा सापडणार नव्हती.

"मग बस ठिपके बघत." आईने दुर्बीण ओढून घेतली आणि मी अडवायच्या आत चाक फिरवलं.

"अगोबाई, खरंच हँगर आहे की!"

"म्हणजे? तू तर दर वर्षी बघायचीस."

"काय बघायचे, कपाळ! ठिपकेच ठिपके. हे इतक्या हौसेने दाखवायचे, म्हणून मी आपलं 'दिसला, दिसला' म्हणायचे."

मला हसू आलं. आई मात्र हसत नव्हती. दुर्बीण तशीच डोळ्यांना धरून, बाबा नेहमी बसायचे त्या बाजूला किंचित झुकून ती हळूच म्हणाली, "अहो, दिसला."