बाराव्या प्रकरणातली चिमा

गाणं संपलं तरी चिमाबाई मोबाइलकडेच बघत होत्या. मग त्यांनी सुनेला विचारलं, शब्द तर आपल्या वाडीचे आहेत, पण गाणारी बाई कोण? सुनिता म्हणाली, "तूच गं ती, आये." चिमाबाईंनी ते काही खरं मानलं नाही. एवढा गोड आवाज आपला कधीच नव्हता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

समोर पडवीत बसलेल्या दत्तोपंतांना मात्र तिळभर शंका नव्हती. हे गाणं त्यांनी हजारदा ऐकलं असेल, पण गाणारीच्या समोर बसून आज पहिल्यांदाच. दहिवलीच्या या निवृत्त शिक्षकाला व्यसनं दोनच, पडलेले सिनेमे आणि त्यांतली गाणी. चालणाऱ्या सिनेमांना बघणारे पुष्कळ असतात, पडलेल्यांना कोण, असं म्हणत ते गावोगाव तबकड्या हुडकत हिंडत. चिमाबाईंचं गाणं असलेला सिनेमा तर एकाच थिएटरात जेमतेम आठवडाभर टिकला होता. आता त्याचे पन्नासेक भक्त दर वर्षी पुण्यात जमतात, झिजलेली प्रिंट लावतात आणि या गाण्याला उठून उभे राहतात. त्यांना गोळा केलं ते दत्तोपंतांनीच. आमच्या घरात तबकड्यांना जागा आहे, पाहुण्यांना नाही, असं त्यांच्या पत्नी आसावरीबाई येईल त्याला ऐकवत.

त्या सिनेमाच्या संगीतकाराला सगळे नुसतं मास्तर म्हणत. त्यांचं चरित्र दत्तोपंत तीस वर्षं लिहीत होते. सहाशे पानं झाली होती, पुस्तक छपाईला जायचं होतं, आणि मागच्या महिन्यात कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक तुकडा पाठवला. पोशीरच्या एका शेतात भात लावताना एक म्हातारी गात होती. दुसऱ्या ओळीलाच त्यांनी आवाज ओळखला आणि तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला. कारण त्यांच्या बाराव्या प्रकरणात ही बाई अडतीस वर्षांपूर्वी मेलेली होती.

सुनिताने कोरा चहा आणला. आपल्या गाण्याला पुण्यात माणसं उभी राहतात हे ऐकून चिमाबाईंना गंमत वाटली. उभं कशाला राहायचं, बसून ऐकावं की, म्हणाल्या. मग त्यांना भराभर आठवत गेलं. मास्तरांनी त्यांना असंच शेतात गाताना ऐकलं होतं, नदीच्या खडकावर बसवून गाणं भरून घेतलं होतं, आणि जाताना सांगितलं होतं की पुढच्या सिनेमात सगळी गाणी तुझीच, मी निरोप धाडतो.

"मंग दिवाळी झाली, समदी वाडी वीटभट्टीवर गेली," चिमाबाई म्हणाल्या. "मी नाय गेले. निरोप आला आन मी घरात नसले तर? दोन वरसं गेले नाय. नवरा लई बोलला. पोरांना कंद उकडून घातले." त्या दत्तोपंतांकडे वळल्या. "मास्तर तसा माणूस नव्हता रं दादा. का नाय आला?"

दत्तोपंतांना पळवाट होती. मास्तरांना जाऊनही आता वीस वर्षं झाली होती. आजारपण म्हणा, सिनेमा बुडाला म्हणा, काहीही सांगता आलं असतं, आणि चिमाबाईंनी ते मानलंही असतं. बारावं प्रकरण गुपचूप बदललं असतं तर पुण्याच्या भक्तांनी उलट टाळ्याच वाजवल्या असत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या तारखा तपासत आलेल्या माणसाला स्वतःची एक चूक गिळणं काही जड नव्हतं. पण समोरची बाई दोन वर्षं उंबऱ्यात बसून होती.

"मास्तरांनी निरोप धाडला होता," ते म्हणाले. "माझ्याजवळच. आमची पत्रापत्री होती, आणि मी इथला, म्हणून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाणं भरून घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी ते कळंबपर्यंत एसटीने आले होते. तिथे एका दुकानात चौकशी केली, तर दुकानदार म्हणाला, वाडीवरची चिमा ना, ती पावसात साप चावून वारली. वाडी अजून तासभराच्या चढणीवर होती आणि परतीची गाडी समोर लागलेलीच होती. दत्तोपंत तिच्यात बसले आणि घरी येऊन त्यांनी मास्तरांना तसं पत्र लिहिलं.

"ती दुसरी चिमा," चिमाबाई हळूच म्हणाल्या. "गजाची बायको."

दत्तोपंतांनी मान हलवली. वाडीत एका नावाच्या दोघी असतील हे तेव्हा त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मंग मास्तर काय बोलला?"

"शाळेत फोन केला त्यांनी. विचारलं, वर वाडीपर्यंत जाऊन आलास ना?"

"आन तू?"

"हो म्हणालो."

मास्तरांनी तो नवा सिनेमा सोडून दिला, दुसऱ्या कुठल्याही आवाजात ती गाणी करायला ते तयार झाले नाहीत, हे त्यांनी रडत रडतच सांगितलं. सुनिता रिकामे कप उचलायला आली होती, ती तशीच उभी राहिली.

चिमाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दत्तोपंतांकडे बघत राहिल्या, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, सुरकुतलेल्या हातांकडे, मनातल्या मनात काही हिशेब करत असल्यासारख्या.

"तवा तर तू तरणाताठा असशील," त्या म्हणाल्या.