‘नाही’ कोणी म्हणायचं

“सही बाईचीच लागते ना? मग ही बाई. सही करायला तयार हाय,” गोरक्ष म्हणाला आणि त्याने चांगुणाला खांद्याला धरून टेबलासमोर उभं केलं.

डॉ. विमलाबाई गायधनींनी चष्मा काढला. शहाऐंशी साल होतं. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती. दार उघडंच राहिलं होतं आणि बाहेर बाकांवर बसलेल्या बायका कान देऊन ऐकत होत्या. गोरक्ष देवळ्याचा कांद्याचा व्यापारी, चांगुणा त्याची बायको, सोबत त्याची आई ठमाबाई. दोन मुलींवर चांगुणाला पुन्हा दिवस गेले होते. मुंबईला नेऊन पोटातलं पाणी तपासून आणलं होतं. मुलगी होती.

“मुलगी आहे म्हणून मी गर्भपात करत नाही.”

“तपासणीला कायद्यानं बंदी हाय का?”

“अजून नाही. यावी म्हणून आम्ही झगडतोय.”

“येईल तवा येईल. पण गर्भपाताच्या कायद्यासाठी गावोगाव तुमीच फिरत होत्या ना? आमच्या देवळ्यात माइकवर बोलल्या. मूल ठेवायचं का नाय, ते बाईनं ठरवायचं, डॉक्टरनं नाय. मी समोर उभा राहून ऐकलंय.”

ते खरं होतं. चोरून पोट पाडताना आत जखमा चिघळलेल्या, तापाने फणफणलेल्या कितीतरी बायका विमलाबाईंच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. त्यांच्यासाठी त्यांनी सभा घेतल्या, शिव्या खाल्ल्या, त्या मंत्र्यांच्या दारात ताटकळल्या. आता त्यांचंच वाक्य हा माणूस त्यांना ऐकवत होता.

“मी तिला तपासते. तुम्ही बाहेर थांबा.”

गोरक्ष बाहेर गेला, ठमाबाई हलेनात. विमलाबाईंनी स्वतः त्यांना उंबऱ्यापर्यंत नेलं आणि आतून कडी लावली.

“चांगुणा, इथं कोणी नाही. तुला काय हवंय ते सांग. तू नाही म्हणालीस तर कोणी जबरदस्ती करू शकत नाही. कायदा तुझ्या बाजूने आहे.”

“कायदा देवळ्याला येईल का माज्यासंगं?” तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मग तिने एकदम डॉक्टरांचं मनगट धरलं. “मला ‘नाय’ म्हणता येत नाय, बाई. म्हणलं तर दोन्ही पोरींसकट माहेरी धाडतील, दुसरी आणतील. तुमी म्हना.”

“मी नाही म्हटलं, तर ते दुसऱ्या डॉक्टरकडे नेतील.”

“मग असं कायतरी सांगा, का कोनाकडं नेता येनार नाय.”

पेशंटच्या माणसांशी विमलाबाई आजवर कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

त्यांनी कडी काढली.

“हिची पिशवी नाजूक आहे. आता कोणीही हात लावला, तर रक्त थांबणार नाही. बाई टेबलावरच जाईल. दुसरीकडे नेलंत आणि काही झालं, तर पोलिसात मी जबाब देईन.”

“मुंबईच्या डॉक्टरनं असलं काय सांगितलं नाय.”

“त्यांनी पाणी तपासलं. मी बाई तपासली.”

“आन् ते बाईनं ठरवायचं, त्याचं काय झालं?” गोरक्ष ओरडला.

“या दवाखान्यात मी ठरवते.”

बाकांवर कुजबुज झाली. त्यातल्या कित्येकींना विमलाबाईंनी याच्या नेमकं उलट शिकवलं होतं. एकीने मान फिरवली.

तेवढ्यात चांगुणा पदर खोचत बाहेर आली. “कसली डाक्तरीन ही!” ती कडाडली. “एवढ्या लांबून आलो, आन् हात हलवत परत? नुसती भाषणं ठोकायला पायजेत हिला!”

“चल आता,” गोरक्षनेच तिचा दंड धरला. “जिवाला धोका हाय म्हणतीय ना ती.”

अंगणातून जीपपर्यंत चांगुणा ओरडत गेली. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली.

नर्स फुलाबाई संतापल्या. “ऐकलंत, बाई? जाऊन गप्प करू का तिला?”

विमलाबाई खिडकीचा गज धरून उभ्या होत्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “अजून मोठ्यानं ओरडू दे.”