या, जेवाले!

अडतीस साली आमच्या यांनी लॉरीत खाट, चूल बसवली आणि मला समुद्र दाखवायला नेलं.

तिथं गोऱ्या साहेबांच्या जुन्या कबरस्तानाबाहेर आम्ही जेवत होतो. पावलं वाजली. मान वर न करताच हे गावच्या सवयीनं म्हणाले, "या, जेवाले!"

पाहिलं तर कोणीच नव्हतं.

तेव्हापासून लॉरी एका बाजूला दबून चालली, खाटेवर कोणी जड माणूस बसल्यासारखी.

शेलूबाजारला घरी पोचलो. सासूबाईंनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून लांब फेकला. लॉरी करकरली आणि सरळ झाली.

"सुटलो वो माय!" हे हसले. मलाही सडकून भूक लागली.

ताटं वाढली. ओसरीवर पावलं वाजली. मी अडवायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "या, जेवाले!"

माझ्या शेजारचा रिकामा पाट करकरला.