वहिनीची फुलं

"ही फुलं कुणी काढली?" मासिकाच्या फोटोशूटच्या बैठकीत संपादकबाईंनी विचारलं. टेबलावरच्या वहीत जास्वंदीची आणि कर्दळीची नक्षी होती. त्यावरूनच कपडे आणि मागचे पडदे ठरणार होते.

"मीच," शाल्मली बोलून गेली. वही तिच्या वहिनीची होती.

सगळ्यांनी कौतुक केलं, तशी तिला मान वर करवेना. चहा येईपर्यंत ती कशीबशी बसली आणि मग म्हणाली, "मी खोटं बोलले. ही नक्षी माझ्या वहिनीची आहे."

"मग पडदेही त्यांनाच रंगवू दे," बाई कोरडेपणानं म्हणाल्या.

शाल्मलीनं लगेच सावंतवाडीला वहिनीला फोन लावला आणि बैठकीत तिचं नाव सांगितल्याचं, पडद्यांचं काम तिलाच मिळाल्याचं कळवलं. वहिनी हरखून म्हणाली, "एवढ्या लोकांत माझं नाव सांगितलंस? दुसरी कुणी असती तर स्वतःचंच सांगितलं असतं गं!"

शाल्मलीला नुसतं "हं" म्हणता आलं.