उजवा गाल

"झाली दाढी. ऊठ आता, गिऱ्हाईक खोळंबलंय," दाजी म्हणाले.

मेहुण्यानं आरशात पाहिलं. डावा गाल तुळतुळीत, उजव्यावर फेस जसाच्या तसा. तो खो खो हसला. बायकोच्या भावाची फिरकी घेतल्याशिवाय दाजींना दुकान उघडल्यासारखंच वाटत नसे.

"दाजी, पुरे. ऑफिसला जायचंय मला."

"मग जा की. धरलंय कुणी?"

"असा जाऊ?" त्यानं उजव्या गालावर बोट ठेवलं.

दाजी समोर येऊन वाकले. अगदी मन लावून बघितलं. "काय झालंय? चकचकीत तर आहे!"

चेष्टा करताना दाजींना कधी हसू आवरलं नव्हतं. आज मात्र ते खरंच चिडले होते. मेहुण्यानं खाली पाहिलं. दाजींच्या डाव्या हातातलं फडकं कधीच खाली पडलं होतं, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

"दाजी, डोकं दुखतंय का?"

"परवाच्या तापापासून दुखतंय. व्हायरलचं असतंच तसं. तू माझं डोकं खाऊ नकोस."

मेहुण्यानं फेस पुसला नाही की ऐकून घेतलं नाही. दाजींना धरून गाडीत बसवलं आणि थेट दवाखाना गाठला.

"असल्या तापानंतर कधीकधी रक्ताच्या गुठळ्या होतात," डॉक्टर म्हणाले. "एक मेंदूत अडकली आहे. म्हणून डावीकडचं काही त्यांच्या लक्षातच येत नाही. समोरून बघताना तुमचा उजवा गाल त्यांच्या डावीकडेच येतो. वेळेत आणलंत. गुठळी विरघळायचं औषध दिलंय. बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई नवऱ्याच्या उजवीकडे बसली होती, मेहुणा मुद्दाम डावीकडे. तो हाका मारत होता. दाजी दर वेळी ताईकडेच बघत होते. ताईचा चेहरा उतरत चालला होता.

"दाजी, अहो, इकडे. इकडे बघा ना!"

दाजींनी मान वळवली. हळूहळू, पण पार डावीकडे. मेहुण्याच्या तोंडाकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय ध्यान! उजवा गाल तसाच? कुठल्या गाढवाकडे गेला होतास रे?"

"चिडा, अजून चिडा," म्हणत ताई हमसून हमसून रडायला लागली.

मेहुण्यानं दाजींचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"गाढव म्हणू नका त्याला, दाजी. त्यानं दाढी पुरी केली असती, तर मी सरळ ऑफिसला गेलो असतो."