तीन सेकंद

रुग्णवाहिका बोलावण्याच्या ॲपमधलं लाल बटण मी बनवलं होतं. चाचणीच्या वेळी माझं बाळ ते सारखं दाबायचं आणि पलीकडचा माणूस वैतागायचा, “ताई, आज चौथ्यांदा!” म्हणून मी अट घातली: बटण तीन सेकंद दाबून धरलं, तरच फोन लागेल. ऑफिसात वाहवा झाली. बाबांच्या मोबाइलमध्ये ॲप मीच टाकलं. “एवढंसं काम, बाबा. दाबून धरायचं.” ते थरथरता हात लपवत हसले, “जमेल गं. म्हातारा झालोय, अडाणी नाही.” आज दुपारी मी पोचले, तेव्हा ते खुर्चीतच गेले होते, मोबाइल मांडीवर. ॲपमधली नोंद उघडली. बटण एकेचाळीस वेळा दाबलं होतं; एकदाही बोट सेकंदभर टिकलं नव्हतं. कडेवरच्या बाळानं हात पुढे केला, लाल बटणावर अंगठा रोवला. एक, दोन, तीन. पलीकडून आवाज आला, “बोला, कुठे यायचं?”