लाल टोपण

वर्षभर समुद्राच्या तळाशी ठेवलेलं यंत्र दोराने वर येत होतं आणि संशोधक बाई कठड्यावरून वाकून पाहत होत्या. यंत्राच्या काचेच्या डोळ्यावर लाल टोपण असतं. पाण्यात सोडताना ते काढून पेटीत ठेवायचं. आज सकाळी पेटी उघडली, तर टोपणाची जागा रिकामी! म्हणजे ते डोळ्यावरच राहिलं आणि वर्षभराची मेहनत पाण्यात. गेल्या वर्षी बोट लागून त्या नुसत्या ओकत होत्या, काही आठवेना. यंत्र वर आलं, तर त्यावर शिंपल्यांचा जाड थर. डोळा दिसेचना. "आटपा, ताई, वारा पिसाळलाय!" बोटवाले काका ओरडले. "आधी सुरी द्या!" काकांनी किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. त्यात छोटी सुरी होती, आणि शेजारी लाल टोपण. बाईंनी टोपण बोटांत धरलं. "हे...?" "त्या दिवशी तुमचं डोकं कठड्याबाहेर होतं. टोपण काढायचं कोणी?"